केले पाहिजे, करता येते, केले जाईल : इंग्रजीतील सहायक क्रियापदांची कर्मणी रचना आणि मराठी वाक्य

प्रास्ताविक

मराठीतील कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांचा परिचय तुम्हाला आहे. प्रस्तुत घटकात त्या परिचयाचा उपयोग थोड्या वेगळ्या कामासाठी करावयाचा आहे. रोजच्या व्यवहारातील इंग्रजीत ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘शॅल’ यांसारख्या सहायक क्रियापदांना जोडून येणारी कर्मणी रचना पदोपदी भेटते. शक्यता, परवानगी, कर्तव्य किंवा सक्ती दाखविणारे क्रियापद, त्यापुढे ‘बी’ आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, असा तिचा साचा आहे. ‘द फॉर्म मस्ट बी साइन्ड’ हे त्याचे साधे उदाहरण.

मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी रचनेला स्थान कशासाठी, असे तुमच्या मनात येईल. त्याचे एक कारण व्यावहारिक आहे. आपल्यापुढे येणाऱ्या मराठी सूचना, नियम आणि कार्यालयीन पत्रे यांतील पुष्कळसा मजकूर मुळात इंग्रजीत लिहिलेला असतो, आणि भाषांतरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचणाऱ्याचे नुकसान होते. दुसरे कारण भाषाभ्यासाचे आहे. इंग्रजी जे काम तीन शब्दांत करते तेच काम मराठी पुष्कळदा एका प्रत्ययात करते, आणि ही गोष्ट तुलनेवाचून सहसा ध्यानात येत नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊ. सांगलीला लागून, बुधगावच्या शेजारी असलेल्या माधवनगरात यंत्रमागाचे काम चालते. समजा, तेथील एका कारखान्यात हिशेब लिहिणारी एक विद्यार्थिनी आपल्याच अभ्यासक्रमाला आहे. एका दिवसात तिच्या हातून चार इंग्रजी कागद जातात. एका अर्जावर ‘कॉपीज मस्ट बी अटॅच्ड’ आणि त्याखाली ‘ओरिजिनल्स नीड नॉट बी सेंट’ असे छापले आहे. बँकेच्या पत्रात ‘इनकम्प्लीट फॉर्म्स मे बी रिजेक्टेड’ असे आहे. कुरिअरवाल्याकडून ‘द पार्सल मस्ट हॅव बीन डिलिव्हर्ड’ असे उत्तर आले आहे. नव्या यंत्राच्या माहितीपत्रकात ‘द गार्ड शुड नॉट बी रिमूव्हड’ अशी ओळ आहे. या चारही कागदांचा अर्थ मालकाला आणि कामगारांना मराठीत सांगायचा आहे. शब्दकोशात प्रत्येक शब्द सापडेल, तरी काम अडेल. ते कोठे अडते, ते पाहू.

‘बी’ का गळतो?

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एक चूक हमखास आढळते : ‘फॉर्म कॅन सबमिटेड’, ‘फी मस्ट पेड’. मधला ‘बी’ गळालेला असतो. कधी ‘बी’ राहतो, पण पुढचे रूप मूळ धातूचे येते : ‘कॅन बी सबमिट’. याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. चुकीमागे मराठीचे व्याकरण उभे आहे.

‘त्याने अर्ज भरावा’ हे वाक्य घ्या. क्रियापद ‘अर्ज’ या कर्माप्रमाणे चालते. अर्जाऐवजी ‘माहिती’ घातली तर ‘भरावी’, ‘रकाने’ घातले तर ‘भरावेत’. कर्ता ‘-ने’ हा प्रत्यय घेऊन बाजूला उभा आहे. म्हणजे प्रयोग कर्मणी झाला. आता त्याच क्रियापदात कर्तव्याचा, अपेक्षेचा अर्थही आहे. शालेय व्याकरणात आपण याला विध्यर्थ म्हणतो. इंग्रजीतील ‘शुड’, ‘बी’ आणि ‘फिल्ड’ या तिघांचे काम ‘भरावा’ या एका रूपाने केले. मग मराठी मनाला ‘बी’ला स्वतंत्र काम उरलेले दिसत नाही आणि तो हातून निसटतो.

हे सामर्थ्य ‘-आव-’ या प्रत्ययात आले कोठून? संस्कृतातील ‘-तव्य’ या प्रत्ययातून. ‘कर्तव्य’ म्हणजे ‘करण्यास योग्य, केले जावे असे’. अर्थ मुळातच कर्मणी आणि मुळातच विधीचा. प्राकृतातून येताना ‘त’ झिजला आणि मराठीत ‘करावे’ झाले. तोच ‘कर्तव्य’ शब्द तत्सम रूपाने पुन्हा आपल्याकडे नाम म्हणून वावरतो. ‘करावे’ आणि ‘कर्तव्य’ ही एकाच घरातील माणसे आहेत हे सहज कोणी ओळखणार नाही, इतकी त्यांची चेहरेपट्टी आता बदलली आहे.

‘पाहिजे’ची कथा याहून रंजक आहे. जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे होती. व्याकरणात त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. संस्कृतातील ‘क्रियते’सारख्या रूपांतील ‘-य-’, प्राकृतातील ‘-इज्ज-’ आणि जुन्या मराठीतील ‘-इज-’ ही एकच साखळी. ‘करिजे’ म्हणजे ‘केले जाते’. त्याच न्यायाने ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिले जाते’. जे पाहिले जाते, शोधले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते हवे असते. अशा रीतीने अर्थ सरकत सरकत ‘हवे आहे’पर्यंत आणि तेथून ‘आवश्यक आहे’पर्यंत आला. बाकीची बहुतेक ‘-इजे’ची रूपे बोलण्यातून गेली, हे मागे राहिले, आणि तेही सक्ती दाखविणारे सहायक क्रियापद होऊन. ‘प्रती जोडल्या पाहिजेत’ असे म्हणताना आपण एक जुने कर्मणी रूप रोज वापरत असतो.

येथे एक सूचना. ‘मस्ट’ला वचन नाही, लिंग नाही, पुरुष नाही. मराठीत मात्र दोन ठिकाणी लक्ष हवे. ‘प्रत जोडली पाहिजे’, पण ‘प्रती जोडल्या पाहिजेत’. शेवटचा ‘त’ बोलताना बहुतेक जण गिळतात. लेखी मराठीत तो गिळू नये.

नकाराचे तीन रस्ते

आपल्या विद्यार्थिनीच्या पहिल्या कागदाकडे वळू. ‘ओरिजिनल्स नीड नॉट बी सेंट’. घाईत याचे मराठी ‘मूळ प्रती पाठवू नयेत’ असे केले जाते. हे चूक आहे. ‘नीड नॉट बी’ने फक्त गरज नाकारली, पाठविण्यास मनाई केलेली नाही. ‘मूळ प्रती पाठविण्याची आवश्यकता नाही’ हेच त्याचे मराठी. याउलट ‘मस्ट नॉट बी सेंट’ असते तर ‘पाठवू नयेत’ बरोबर ठरले असते. होकारात ‘मस्ट’ आणि ‘नीड’ शेजारी बसतात. नकारात ते विरुद्ध टोकांना जातात.

मराठीत ‘पाहिजे’चा नकार सरळ होत नाही, हीही अडचण आहे. ‘पाठविले नाही पाहिजे’ हे रूप हिंदीच्या वळणाने अलीकडे कानावर येते, पण प्रमाण लेखनात ‘पाठवू नये’ हेच घट्ट बसते. ‘नये’ची फोड ‘न’ आणि ‘ये’ अशी आहे. मुळात ‘येत नाही’. ‘करता येते’ यातही तोच ‘येणे’ आहे. एकच धातू ‘करता येते’मध्ये शक्यता दाखवितो आणि ‘करू नये’मध्ये मनाई, ही घडण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिसरा रस्ता ‘पाठविल्याच पाहिजेत असे नाही’ हा. तो ‘नीड नॉट’ला जवळचा आहे आणि बोलण्यात अधिक सहज येतो.

‘करता येते’ आणि ‘केले जाऊ शकते’

‘द फॉर्म कॅन बी सबमिटेड ऑनलाइन’ याचे भाषांतर आज दहापैकी पुष्कळ जण ‘अर्ज ऑनलाइन सादर केला जाऊ शकतो’ असे करतील. वर्तमानपत्रांत, संकेतस्थळांवर हेच दिसते. वाक्य व्याकरणात बसते. तरीही ‘अर्ज ऑनलाइन सादर करता येतो’ हे मराठी अधिक मोकळे आहे, आणि त्यात एक सोयही आहे : ‘तुम्हाला’ हा शब्द घातला की ते थेट वाचणाऱ्याशी बोलू लागते. ‘तुम्हाला अर्ज ऑनलाइन सादर करता येतो.’ ‘जाऊ शकतो’च्या वाक्यात ‘तुम्हाला’ घालून पाहा. ते सामावतच नाही, ‘तुमच्याकडून’ असे अवघडलेले रूप आणावे लागते.

म्हणून ‘जाऊ शकतो’ सर्वत्र त्याज्य मानावा काय? तसे म्हणणारे भाषाशुद्धीचे उत्साही पुरस्कर्ते आहेत. मला ते पटत नाही. बँकेच्या पत्रातील ‘इनकम्प्लीट फॉर्म्स मे बी रिजेक्टेड’ हे वाक्य पाहा. ‘अपूर्ण अर्ज नाकारता येतात’ असे लिहिले तर त्याचा रोख बँकेच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याला जणू सोय सांगितली. अर्जदाराला सांगायचे आहे ते वेगळे : तुमच्यावर हा प्रसंग येण्याचा संभव आहे. तेथे ‘अपूर्ण अर्ज नाकारले जाऊ शकतात’ किंवा ‘नाकारले जाण्याची शक्यता आहे’ हेच योग्य. थोडक्यात, वाचणाऱ्याच्या हातात काय आहे हे सांगताना ‘-ता येते’, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून त्याच्यावर काय ओढवू शकेल हे सांगताना ‘जाऊ शकते’, असा भेद पाळला तर दोन्ही रूपे उपयोगी पडतात.

मराठीजवळ याशिवाय एक तिसरे रूप आहे आणि त्याला इंग्रजीत जोडीदार नाही. ते म्हणजे शक्य कर्मणी. ‘आजींना जिना चढवत नाही’, ‘मला आता भाकरी खाववत नाही’, ‘त्याची अवस्था बघवत नाही’. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्ता ‘-ला’ घेऊन येतो, आणि अर्थ शरीराच्या किंवा मनाच्या बळाचा असतो. ‘मला पोहता येत नाही’ म्हणणारा पोहायला शिकलेलाच नसतो. ‘मला आता पोहवत नाही’ म्हणणारा कधीकाळी कृष्णेचा डोह पार करणाराही असेल. (‘पोहणे’ अकर्मक असल्याने हा प्रयोग शक्य भावे होतो, इतकाच फरक.) इंग्रजी दोन्ही ठिकाणी ‘कॅनॉट’वर भागवते. येथे मराठीतील कर्मणीचे इंग्रजी करताना कर्तरीच वापरावे लागते. ‘द स्टेअर्स कॅनॉट बी क्लाइम्ड बाय ग्रँडमदर’ असे लिहिले तर दोष जिन्याचा ठरतो. कर्मणीला कर्मणी जुळवत बसणे हे भाषांतर नव्हे, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

झालेल्या गोष्टींविषयी

कुरिअरवाल्याच्या उत्तरात ‘मस्ट हॅव बीन डिलिव्हर्ड’ असे होते. पोचविणे सक्तीचे होते, असा याचा अर्थ नाही. येथे ‘मस्ट’ तर्क दाखवितो : ‘पार्सल पोचले असणार’ किंवा ‘पोचले असले पाहिजे’. विद्यार्थिनीला उलट कळवायचे आहे की ते पोचलेले नाही. तिने ‘शुड हॅव बीन डिलिव्हर्ड’ लिहिले तर ‘पोचायला हवे होते (पण पोचले नाही)’ अशी तक्रार होते. ‘कुड हॅव बीन’ लिहिले तर साधारणतः ‘पोचविता आले असते’ असा ठपका होतो. ‘मे हॅव बीन’ लिहिले तर ‘पोचले असेल’ असा संशय उरतो, आणि तक्रारीतील जीवच जातो. तक्रारीचे बळ अशा वेळी एका सहायक क्रियापदावर उभे असते.

मराठी वाक्ये पुन्हा एकदा वाचा. इंग्रजीत ‘डिलिव्हर्ड’ हे कर्मणी रूप आहे. मराठीत बहुतेक ठिकाणी आपण ‘पोचणे’ हे अकर्मक क्रियापद वापरले. पोचविणे–पोचणे, फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे अशा जोड्या मराठीत विपुल आहेत, त्यामुळे कर्ता झाकण्यासाठी प्रत्येक वेळी कर्मणीची गरज पडत नाही. ‘कप फुटला’ म्हटले की कोणी फोडला हा प्रश्न घरात विचारलाही जात नाही.

कर्ता कोठे गेला?

आता यंत्राची जाळी. माहितीपत्रकातील वाक्याचे मराठी ‘संरक्षक जाळी काढू नये’ असे होईल आणि ते पुरेसे आहे. परंतु जाळी मुळात बसवायची कोणी? येथे कर्मणी रचनेचा प्रश्न व्याकरणाच्या वहीतून बाहेर पडतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ यंत्रांच्या हलत्या भागांना कुंपण घालण्याविषयी होते. त्याची मूळ इंग्रजी रचना ‘शॅल बी’ची होती : अमुक अमुक भाग भक्कम साधनांनी सुरक्षितपणे झाकलेले असावेत, आणि यंत्र चालू असताना ते आवरण जागेवर राखले जावे. यात ‘शॅल’ भविष्यकाळ सांगत नाही. तो आदेश आहे. म्हणून ‘झाकले जातील’ असे भाषांतर कायद्याला आश्वासनाचे रूप देते. ‘झाकलेच पाहिजेत’ म्हटले तर आदेशाचा जोर टिकतो. पण या वाक्यात कर्ता नाही. कोणी झाकायचे ते कलम २१ मध्ये दिसत नसे. ते शिक्षेच्या कलमात, म्हणजे कलम ९२ मध्ये जाऊन कळे. तेथे अधिनियमाच्या उल्लंघनाबद्दल भोगवटादार आणि व्यवस्थापक या दोघांनाही जबाबदार धरले होते.

याच अधिनियमाचे कलम १११ कामगारांच्या कर्तव्यांविषयी होते. त्यातील रचना कर्तरी होती. कोणताही कामगार सुरक्षेच्या साधनात जाणूनबुजून ढवळाढवळ करणार नाही, अशा आशयाच्या त्या वाक्यात ‘कामगार’ हा शब्द उद्देश्याच्या जागी, सर्वांच्या समोर उभा होता. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ७-अ नव्याने आले. त्यात कामगारांच्या सुरक्षेची, आरोग्याची आणि कल्याणाची तजवीज करण्याची जबाबदारी सांगताना भोगवटादार स्वतः उद्देश्य झाला. व्याकरणाच्या दृष्टीने बदल एवढाच : कर्मणीतील अदृश्य कर्ता कर्तरीत दिसू लागला. वाचणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने मात्र बोट कोणाकडे दाखवायचे ते पहिल्याच वाक्यात कळू लागले.

यावरून कर्मणी रचना म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष काढू नका. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ ची रचनाही ‘शॅल बी’चीच आहे : कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाही व्यक्तीचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाऊ नये, असा त्याचा भाव. तेथे कर्ता नाही, आणि माझ्या मते तो नसणे हेच वाक्याचे बळ आहे. कर्त्याची जागा मोकळी असल्याने वाक्याच्या केंद्रस्थानी व्यक्ती राहते. तिचे स्वातंत्र्य कोण हिरावणार होता, हा प्रश्न मागे पडतो. कोठे कर्ता झाकल्याने जबाबदारी सैल होते आणि कोठे झाकल्याने हक्क व्यापक होतो, हे प्रत्येक वाक्यापाशी थांबून ठरवावे लागते.

कार्यालयीन मराठीतील ‘कारवाई करण्यात येईल’ या ठरीव वाक्याकडे याच नजरेने पाहा. ‘-ण्यात येणे’ हा प्रघात इंग्रजीतील ‘विल बी’च्या शेजारी वाढला आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात रुळला. ‘अर्जाचा विचार करण्यात येईल’ या वाक्यात कोण विचार करील, केव्हा करील, याचा पत्ता नाही. अर्जदाराने त्याच्या उत्तरात ‘विचार कोणत्या अधिकाऱ्यांनी, किती दिवसांत करावयाचा आहे ते कृपया कळवावे’ असे लिहिण्यास व्याकरणाची काहीच हरकत नाही.

कार्यालयातच ‘मे’चे एक निराळे रूप भेटते. हाताखालचा कर्मचारी टिपणीत ‘द बिल मे बी पास्ड’ असे लिहितो. यात शक्यता नाही आणि परवानगीही नाही. वरिष्ठांपुढे ठेवलेला हा विनम्र प्रस्ताव आहे. ‘देयक मंजूर करावे’ किंवा ‘देयक मंजूर व्हावे, ही विनंती’ हे त्याचे नेमके मराठी. येथे ‘देयक मंजूर केले जाऊ शकते’ असे लिहिणाऱ्याने प्रस्ताव न मांडता केवळ मत नोंदविले, आणि फाइल एक टेबल मागे येण्याची वेळ आणली. याच ‘-आवे’ने आपण घरात वडीलधाऱ्यांना ‘आपण बसावे’ म्हणतो आणि सूचनाफलकावर ‘रांगेत उभे राहावे’ असे लिहितो. आदेश आणि आदर यांची इतकी सलगी इंग्रजीच्या एका सहायक क्रियापदात सापडत नाही. त्यासाठी तेथे ‘मे प्लीज बी’ अशी शब्दांची रांग लावावी लागते.

स्वाध्याय

आपल्या गावातील बँक, टपाल कार्यालय, रेल्वे स्थानक किंवा कारखाना यांपैकी एका ठिकाणच्या इंग्रजी सूचनांतून ‘कॅन बी’, ‘मे बी’, ‘मस्ट बी’, ‘शॅल बी’ यांचे प्रत्येकी एक वाक्य टिपून घ्या. प्रत्येकाचे मराठी दोन प्रकारे करा : एकदा ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने, एकदा त्याच्याशिवाय. दोहोंपैकी कोणते वाक्य तेथे येणाऱ्या माणसाला अधिक लवकर कळेल ते सकारण लिहा. शेजारी मराठी सूचना लावलेली असेल तर तिच्याशी आपले वाक्य ताडून पाहा, आणि दोन्ही सूचनांतील कर्ता शोधा. तो सापडला नाही, तर तेथील नियमावलीत कोणत्या कलमात त्याचे नाव आहे, तेही नोंदवा.